रविवार सोडून

बुधवार, ६ मार्च. राखेचा बुधवार. दुपार.

आधी दुरुस्ती. काल लिहिलंय की क्लोस्टरमनबाईंनी माझा अपमान सगळ्या हॉलसमोर केला. हे खरं नाही. पॅनकेकच्या टेबलापाशी मला धरून पाचच माणसं होती. त्यांत बेव्ह होमन होती, म्हणजे रात्रीपर्यंत सगळा हॉल झालाच. तरी वाढवून लिहिणं ते वाढवून लिहिणंच. आज कपाळाला राख आहे. आज तरी सरळ लिहावं.

घडलं ते असं. उपवासकाळाच्या आदल्या रात्रीचं चर्चच्या हॉलमधलं जेवण. माझी अग्नेस सगळ्यांना ओलांडून थेट पुढे गेली आणि हातानंच पॅनकेक उचलला. सहा वर्षांची मुलगी, भूक लागते. तर तिच्या वर्गाच्या बाई, म्हणजे ह्या क्लोस्टरमनबाई, म्हणाल्या, "असू दे गं, असू दे. हिची आईच कधी शाळेत गेली नाही. रांग ह्या पोरीला शिकवणार कोण?"

लोक हसले. बेव्ह तर सिरप सांडेपर्यंत. मीही हसले. ते सगळ्यात वाईट.

मी शाळेत गेले नाही हे खरं आहे. आईनं आम्हाला जेवणाच्या टेबलावर शिकवलं. पण रांग मला माहीत आहे. आम्ही नऊ भावंडं आणि एक बाथरूम होतं.

निर्णय: सप्टेंबरपासून अग्नेस घरी शिकेल. मी शिकवेन. पुढच्या वर्षी तिचा धाकटा भाऊ अॅम्ब्रोजही. बाईंकडे पहिली-दुसरी एकत्र असते, म्हणजे अग्नेसच्या नशिबी आणखी एक वर्ष त्याच होत्या. ते टळेल. शिवाय वर्ग आधीच निम्मा रिकामा आहे. आणखी चार मुलं गेली तर बिशपच्या ऑफिसातून तो बंदच करतील, असं बेव्ह म्हणते. ह्याचा माझ्या निर्णयाशी संबंध नाही. नुसती माहिती म्हणून लिहून ठेवते.

गुरुवार, ७ मार्च.

ह्या उपवासकाळात काय सोडायचं ते ठरलं. माझ्या नवऱ्यानं, कर्टनं, बिअर सोडली आहे. दर वर्षी सोडतो, चर्चमधल्या पहिल्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणापर्यंत. मी क्लोस्टरमनबाईंशी बोलणं सोडलं.

शंका: सोडताना बरं वाटलं तर तो त्याग होतो का? आई म्हणायची, दुखलं पाहिजे. विचार केला. त्यांना सुनवायला माझ्याकडे इतकं साठलंय की न बोलल्यानं खरोखर छातीत दुखतं. म्हणजे त्याग आहे. शंका मिटली.

दुपारी अग्नेसला आणायला गेले. बाईंनी विचारलं, हिचे बर्फातले बूट कुठे ठेवलेस. मी बोट दाखवलं. "अगोबाई, आवाज बसला का तुझा?" मी मान हलवली, पण अशी, की हो म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही. ह्यात खोटं होत नाही.

शुक्रवार, ८ मार्च.

अग्नेसच्या दप्तरातून मधाची बाटली आली. क्लोस्टरमनबाईंच्या घरच्या मधमाश्यांचा मध. "आईच्या घशासाठी" असा निरोप. झाकण इतकं घट्ट की कर्टलाही उघडेना. मुद्दाम.

शनिवार, ९ मार्च.

पापकबुलीला गेले. फादर रेमंडना सांगितलं की मनात राग आहे, आणि का आहे ते कळावं म्हणून बाईंनी काय काय केलं ते पहिल्यापासून सांगितलं. ख्रिसमसच्या नाटकात अग्नेसला शेवटच्या ओळीत उभं केलं तेही. पंधरा मिनिटं झाली असतील. फादर जाळीआडून म्हणाले, "झीटा, ही सगळी पापं फार चांगली सांगितलीस. आता तुझी सांग."

मग एवढंच आठवलं की मंगळवारी एक पॅनकेक जास्त खाल्ला होता.

प्रायश्चित्त: त्या व्यक्तीसाठी रोज प्रार्थना. बाहेर आले तर रांगेत पुढची व्यक्ती क्लोस्टरमनबाईच. बोलणं सोडलंय म्हणून बोलले नाही. दार मात्र धरून ठेवलं. फादर आता दोन्ही बाजू ऐकतील. माझी आधी ऐकली हे बरं झालं.

प्रार्थना केली. हे परमेश्वरा, त्यांना नम्रता दे. शक्यतो लोकांसमोर.

रविवार, १० मार्च.

रविवार उपवासकाळात धरत नाहीत. आमच्या घरी हा नियम पक्का होता. सोमवार ते शनिवार जे सोडलं असेल ते रविवारी आई पुढ्यात ठेवायची. तेव्हा आज मला क्लोस्टरमनबाईंशी बोलण्याची मुभा होती. मी ती पूर्ण वापरली.

चर्चमधली मिस्सा झाल्यावर हॉलमध्ये कॉफी आणि डोनट असतात. बाई एकट्या उभ्या होत्या. जाऊन सरळ सुरुवात केली. म्हटलं, मूल आईपासून तोडून एका खोलीत कोंबणं ही फार जुनी पद्धत नाही. म्हटलं, घरी शिकलेलं मूल तासाभरात जे शिकतं त्याला शाळेत दिवस लागतो, कारण निम्मा दिवस रांगेत जातो. 'रांगेत' वर जोर दिला. म्हटलं, मी आठव्या वर्षी लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणत होते.

त्यांनी डोनट खाली ठेवलं आणि ऐकत राहिल्या. चेहरा उतरला होता. कर्टनं आमच्या बाळाला माझ्या हातात देऊन मला गाडीत नेलं. म्हणाला, "तू रागावलीयस." मी म्हटलं, अजिबात नाही. "मग त्यांना भिंतीपर्यंत का ढकलत नेलंस?"

दुरुस्ती: त्या आपणहून मागे सरकत होत्या.

मंगळवार, १२ मार्च. सकाळी सहा.

आज घरच्या शाळेची चाचणी. शाळेत कळवलं की अग्नेसला खोकला आहे. अग्नेस खोकते. डिसेंबरात खोकली होती.

वेळापत्रक: आठला प्रार्थना. सव्वाआठला धर्मशिक्षण. मग वाचन, गणित, लॅटिन, निसर्गनिरीक्षण, संतचरित्र. बाराला जेवण. दुपारी हस्तकला.

त्याच दिवशी. सकाळी अकरा.

सगळं संपलं. घरी शिकवण्यात किती वेळ वाचतो पाहा.

प्रार्थना झाली. धर्मशिक्षणात 'देवानं तुला का निर्माण केलं' ह्या प्रश्नाला अग्नेसनं हात वर केला. उत्तरासाठी नाही, बाथरूमसाठी. मी म्हटलं, घरी विचारायची गरज नसते. ती म्हणाली, "मग बाईंना कळणार कसं मी कुठे गेले?" गणितात अॅम्ब्रोजनं मोजायच्या शेंगा खाल्ल्या. कच्च्या. लॅटिनच्या वेळी बाळाला जुलाब. निसर्गनिरीक्षण म्हणून शेजाऱ्यांच्या बदकाकडे पाहिलं.

मग मी पाच मिनिटं डोळे मिटले. उघडले तर अग्नेसनं बाहुल्या, अॅम्ब्रोज आणि बाळ भिंतीशी एकामागे एक लावले होते आणि क्लोस्टरमनबाईंच्या आवाजात बोलत होती. हुबेहूब. "कोण ढकलतंय? मला डोक्याच्या मागेही डोळे आहेत हं." मग माझ्याकडे वळून, "झीटा, तू नवीन आहेस का? ये, माझ्याजवळ उभी राहा."

मी उभी राहिले. खेळात मोडता घालू नये म्हणून.

रविवार, १७ मार्च.

दुसरा हल्ला. आज बाई आपणहून माझ्याकडे आल्या. धीट बाई. मी अर्धा तास बोलले. त्या मध्येच म्हणाल्या, "आणि गणिताचं काय करतेस?" आवाजात कंप होता. म्हटलं, गणित शेंगांवर. त्यांनी मान डोलावली आणि डोनट न खाता गेल्या. दोन रविवार झाले, डोनट खात नाहीत. परिणाम होतो आहे.

मंगळवार, १९ मार्च. संत जोसेफचा दिवस.

आईला फोन केला. वाटलं, ऐकून रडेल. म्हटलं, आई, तुझ्यासारखंच मीही मुलांना घरी शिकवणार. तुला देवानं जशी हाक दिली तशी मलाही.

आई म्हणाली, "कसली हाक गं? माझं शाळेतल्या सिस्टरशी भांडण झालं होतं."

मला हे माहीत नव्हतं. तिनं मजेत सांगितलं. माझ्या थोरल्या भावाला, फेलिक्सला, ख्रिसमसच्या नाटकात जोसेफ करणार म्हणून आईनं रात्री जागून झगा शिवला. आयत्या वेळी सिस्टरनं त्याला मेंढरू केलं. आई दुसऱ्या दिवशी शाळेतून थोरल्यांची नावं काढून आली, आम्हा धाकट्यांची घातलीच नाहीत. मी विचारलं, मग? "मग काय! सिस्टर दोन वर्षांत बदलून गेली. आता परत कोणत्या तोंडानं जायचं? शिकवलं तुम्हाला. वाईट नाही झालात."

मी म्हटलं, आम्हाला तीन वाजेपर्यंत अंगणात जायला बंदी होती, ती तरी प्रार्थनेसाठी होती ना? "छे गं. शेजारीण चुगल्या करायची. शाळेच्या वेळेत पोरं बाहेर कशी म्हणून."

त्या बंदीचं मला कधी काही वाटलं नाही. सकाळी पिवळी बस वळणावर यायची, मुलं चढायची. तिसऱ्या खिडकीत एक मुलगी बसायची, लाल टोपीची. पुढच्या हिवाळ्यात तिची टोपी हिरवी झाली. त्याच्या पुढच्या वर्षी ती उजवीकडच्या बाकावर गेली आणि मग फक्त टोपीचा गोंडा दिसायचा. मी काही एवढं लक्ष देत नसे.

आईची गोष्ट वेगळी होती. आई रागावली होती.

शुक्रवार, २२ मार्च.

चार आयांना संध्याकाळी घरी बोलावलं होतं. उद्देश: पाचही जणींनी मिळून मुलं काढायची. केक केला. तिघी आल्या. केक तसाच राहिला, कारण तिघींनीही गोड सोडलंय. हे आधी लक्षात यायला हवं होतं.

मी घरच्या शाळेचं सांगितलं. संथपणे, प्रेमानं. मग बेव्ह म्हणाली, "झीटा, अगं, दिवसाचे सहा तास मला माझ्या पोरांपासून मिळतात. ते पण काढून घेतेस?" दुसरी म्हणाली, बाईंमुळे तिचा मुलगा वाचायला लागला, नाहीतर तो पुस्तकं चावायचा. तिसरी आमच्या बाळाला घेऊन बसली होती, ती म्हणाली, "केक बांधून देशील का? रविवारी खाईन."

मी एकटी पुरेशी आहे.

सोमवार, २५ मार्च. देवदूत मरियेकडे आला तो दिवस.

मुद्दाम हाच दिवस निवडला. तिनं हो म्हटलं, मी शाळेला नाही म्हटलं. मुख्याध्यापक श्रोअर ह्यांना ऑफिसात जाऊन सांगितलं की सप्टेंबरमध्ये अग्नेसची जागा धरू नका. मला वाटलं, ते कारण विचारतील. कारण तयार होतं, पाठ करून गेले होते. ते म्हणाले, "बरं. वाईट वाटलं. ईस्टरच्या सोडतीची तिकिटं घेणार का?" घेतली.

घरी येऊन कर्टला सांगितलं. तो गिरणीतून आला होता, पापण्यांवरसुद्धा कोंड्याची धूळ. बराच वेळ हात धूत राहिला. मग म्हणाला, "अग्नेसला विचारलंस?" मी म्हटलं, ती सहा वर्षांची आहे. "म्हणून विचारतोय. बारा वर्षांची झाल्यावर ती आपल्याशी बोलायचीच नाही."

अग्नेसला नंतर सांगेन. सुट्टीत. तिचा मूड पाहून.

रविवार, ३१ मार्च.

चौथा रविवार. बाईंनी पुस्तकांची नावं विचारली. मी ओळखलं, शत्रूची तयारी पाहताहेत. लपवण्यासारखं काही नाही म्हणून आईकडून आलेलं घरच्या शाळांच्या पुस्तकांचं जाडजूड कॅटलॉग उद्या अग्नेसबरोबर पाठवते म्हटलं. चांगल्या पुस्तकांवर मी खुणा केल्या आहेत. पाहू देत आपण काय काय शिकवलं नाही ते. जळू देत.

आजची प्रार्थना: हे परमेश्वरा, त्यांचे डोळे उघड. लवकर.

रविवार, ७ एप्रिल.

बोलून बोलून माझा घसा खरोखर बसला. कर्टनं मधाची बाटली गरम पाण्यात धरून उघडली. मध चांगला आहे. हे मी चांगला शब्द म्हणून लिहीत नाही. मध माश्यांनी केलाय.

रविवार, १४ एप्रिल. झावळ्यांचा रविवार.

जमेल तसं लिहिते.

मिस्सेनंतर क्लोस्टरमनबाईंनी मला हॉलच्या कोपऱ्यात नेलं. दोन्ही हातांत झावळी होती, ती काखेत धरून माझे हात धरले. म्हणाल्या, "जूनमध्ये शाळा सोडतेय मी. आत्ताच फादरना सांगितलं. आधी तुला सांगायला हवं होतं खरं म्हणजे."

माझ्या मनात काय आलं ते शनिवारी फादरना सांगीन. इथे एवढंच लिहिते की आनंद फार मोठा होता.

मग त्या म्हणाल्या, "लेकाची तीन पोरं आहेत माझ्या. घरीच शिकवणार आता त्यांना. तीस वर्षं दुसऱ्यांची पोरं रांगेत उभी केली, झीटा. माझी नातवंडं मला नीट माहीत पण नाहीत. तू म्हणालीस ना, मूल आईपासून तोडतात, ते लागलं गं मला. रात्री झोप येईना."

मी म्हटलं, ते मी सहज म्हटलं होतं.

"सहज कसलं! मी पाहत होते ना. आठवडाभर तू माझ्याशी अक्षर बोलायची नाहीस. नुसती बोटं दाखवायचीस. आणि रविवार उजाडला की सरळ माझ्याचकडे, आणि असं काही बोलायचीस! मी फादरना म्हटलं, हे ह्या पोरीचं बोलणं नाही. हिच्या तोंडून पवित्र आत्मा बोलतोय. नाहीतर फक्त रविवारीच कसं?"

फादर मागे उभे होते. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

पवित्र आत्मा नव्हता म्हणावं तर मग कोण होतं ते सांगावं लागलं असतं.

गुरुवार, १८ एप्रिल.

सगळं चर्च माझ्याकडे प्रेमानं पाहतं. बेव्ह सोडून. बेव्ह म्हणाली, "घालवलीस ना आमची चांगली बाई. आता माझ्या धाकट्याला कोण शिकवणार? तू?"

कर्ट गाडी चालवताना मध्येच हसतो. विचारलं तर म्हणतो काही नाही.

रविवार, २१ एप्रिल. ईस्टर.

उपवासकाळ संपला. आता कुठल्याही वारी बोलता येईल. निदान एक गोष्ट माझ्या हातात होती, ती करायची ठरवली: क्षमा. मिस्सेनंतर सगळ्यांसमोर, हळू पण ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, क्लोस्टरमनबाई, मी तुम्हाला क्षमा केली आहे.

"कशाबद्दल गं?"

मी सांगितलं. पॅनकेक, रांग, आई शाळेत गेली नाही.

त्यांनी आठवून पाहिलं. खरंच आठवत नव्हतं. मग हसायला लागल्या. "असं म्हटलं मी? आणि खरंच आहे की! अगं, अग्नेसनं एकदा घंटा वाजली तर वर्गातल्या सगळ्यांना 'पाहुणे आले' म्हणून सांगितलं होतं!" मग माझा चेहरा पाहून थांबल्या. "लागलं का तुला? वेडे, तेव्हाच बोलायचंस. चल, माफ कर." आणि मला मिठी मारली. कोटाला धुराचा आणि मधाचा वास होता.

पुढे म्हणाल्या, "मी काय म्हणते, तू अग्नेसला काढतेच आहेस. मंगळवार-गुरुवार पाठव माझ्याकडे. माझ्या तिघांबरोबर बसेल. बाकीचे दिवस तुझ्याकडे. तुलाही मोकळा वेळ."

मी म्हटलं, विचार करून सांगते. अग्नेस जवळच उभी होती, चॉकलेटचं अंडं खात. तिनं खाणं थांबवलं होतं.

सोमवार, २२ एप्रिल. सकाळी.

रात्रभर विचार केला. एकच मार्ग आहे. त्या शाळा सोडून घरी शिकवणार असतील तर अग्नेस शाळेत जाईल. श्रोअरना भेटून नाव परत घालते. लोकांना दिसू दे, कोण शाळेला टिकून राहिलं आणि कोण सोडून गेलं.

दुपारी.

अग्नेसला सांगितलं. म्हटलं, खूशखबर, तू शाळेतच राहणार.

तिनं विचारलं, "बाई आहेत तिथे?"

नाहीत.

"मग बाई कुठे आहेत?"

त्यांच्या घरी.

"मग मी त्यांच्या घरी जाणार."

मी समजावलं. शाळेत मैत्रिणी आहेत, झोपाळा आहे, बस आहे. पिवळी. ती टेबलाखाली गेली आणि तिथून बोलली. "तू म्हणालीस ना घरी शिकायचं. आजीनं तुला घरी शिकवलं. मला बाई घरी शिकवणार." आणि रडली. आरडाओरडा नव्हता. अॅम्ब्रोज पडल्यावर रडतो तसं नाही. तोंडावर हात धरून, मला ऐकू जाऊ नये म्हणून.

मी खाली वाकले. सांगायला की बाई काय म्हणाल्या होत्या. आपल्या घराण्याबद्दल. तोंड उघडलं आणि बंद केलं. खाली आपोआप बसलेच होते, म्हणून तशीच बसून राहिले.

संध्याकाळी.

निर्णय, आणि हा शेवटचा. अग्नेस मंगळवार-गुरुवार क्लोस्टरमनबाईंकडे जाईल. पण एकटी नाही. मीही जाणार. पहिल्या दिवसापासून, पूर्ण वेळ, बाळ आणि अॅम्ब्रोजसकट. एका बाजूला बसेन आणि त्या कसं शिकवतात त्यावर नजर ठेवीन. कधीतरी चूक करतीलच. तेव्हा मी तिथे असेन.

बाईंना फोन करून कळवलं. त्या म्हणाल्या, "ये ना. खुर्ची आहे."

कर्ट म्हणाला, "म्हणजे तू शाळेत जाणार." मी म्हटलं, देखरेखीला जाणार. तो म्हणाला, डबा बांधून देऊ का. अग्नेस म्हणाली, तिच्या शेजारी बसायचं असेल तर बाईंना ती विचारेल, पण बोलायचं नाही, बोललं की उठवतात.

मंगळवार, ३ सप्टेंबर. सकाळी साडेआठ.

बाईंच्या दाराशी रांग लागली आहे, मी अग्नेसच्या मागे.